मुलाचं पोट सारखं बिघडतं आणि शाळा बुडते? या चुका टाळा

मी प्राथमिक शाळेत शिकवते. जूनपासून दिवाळीपर्यंत पालकांच्या चिठ्ठीत एकच वाक्य सारखं वाचायला मिळतं, पोट बिघडल्यामुळे येऊ शकला नाही. एखाद्या वेळी झालं तर काही नाही हो, पावसाळा आहे, चालायचंच. पण काही मुलांचं दर पंधरा-वीस दिवसांनी तेच, दोन दिवस घरी, चार दिवस शाळा, की परत घरी. आणि घरचे प्रत्येक वेळी त्या दिवसापुरता इलाज करतात, काल काय खाल्लं ते आठवतात, दोष वडापाववर नाहीतर आजीच्या लाडवावर ढकलतात, झालं. मागचे तीन-चार महिने एकत्र मांडून कुणी बघतच नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या बऱ्याच हिच्यातूनच निघतात.

आधी हे ठरवा: जुलाब-उलट्या की नुसतं दुखणं?

जुलाब, उलट्या, ताप असं येत असेल तर बहुतेक वेळा ते बाहेरून आलेलं इन्फेक्शन असतं, म्हणजे पाणी, हात किंवा डबा. आणि जुलाब नाहीत, ताप नाही, नुसतं बेंबीभोवती दुखतंय, थोड्या वेळाने आपोआप थांबतं, तर तिथे बद्धकोष्ठ किंवा टेन्शन किंवा दोन्ही असायची शक्यता जास्त. या दोघांचं शाळेच्या बाबतीत एकदम उलटं गणित आहे. पहिल्यात शेवटचा जुलाब किंवा उलटी होऊन 48 तास जाईपर्यंत मूल घरीच हवं, नाहीतर बाकावरच्या दोघांना प्रसाद मिळतो. दुसऱ्यात मात्र जितकं घरी ठेवाल तितकं दुखणं मुरतं. आणि प्रत्यक्षात काय होतं? चाचणी परीक्षा आहे म्हणून जुलाब चालू असताना गोळी देऊन पाठवतात, आणि नुसतं पोट धरून बसणाऱ्याला आठवडाभर घरी टीव्हीसमोर.

म्हणून एक साधी वही करा. तारीख, वार, किती वाजता दुखलं, शी कशी झाली, ताप होता का, आणि शाळेत त्या दिवशी काय होतं. महिनाभर लिहिलं की कधीकधी डॉक्टरच्याही आधी तुम्हालाच दिसतं, की हे दर सोमवारी होतंय, किंवा फक्त पीटीच्या दिवशी, किंवा मामाकडे जाऊन आलं की.

ओआरएसचा गोंधळ

ओआरएस म्हणजे जुलाबात गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायची पावडर. तिचं पाकीट फोडायचं, अर्धं ग्लासभर पाण्यात टाकायचं, उरलेलं पिन लावून फ्रीजवर ठेवायचं. असं करू नका हो. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं 200 मिलीचं, पाकिटावर लिहिलेलं असतं, तेवढ्या उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट एकदम घालायचं आणि 24 तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. घट्ट झालं तर जुलाब वाढू शकतात आणि अंगात मीठ जास्त होऊ शकतं. चवीसाठी वरून साखर तर अजिबात नको.

दुसरं म्हणजे टेट्रापॅकमधली गोड फळांच्या चवीची पाणी. त्यांच्या नावात ओआरएस असायचं, साखर मात्र भरपूर. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, असल्या पेयांना नावात ओआरएस वापरायला बंदी केली, पण घरात जुना स्टॉक असेल किंवा दुकानदाराने दुसरंच काही हातात दिलं तर मागे वाचून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याप्रमाणे असं लिहिलेलं असेल तेच खरं. ग्लुकोज पावडर, लिंबू सोडा, बाटलीतला ज्यूस हे ओआरएस नाही.

उलटी झाल्या झाल्या परत ग्लासभर पाजलं की तेही बाहेर येतं, मग "त्याला ओआरएस पचत नाही" असं ठरतं. दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने. दोन वर्षांपुढच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर साधारण 100 ते 200 मिली.

आणि उपाशी ठेवणं सोडा. पोटाला आराम म्हणून दोन दिवस नुसत्या चहा-बिस्किटावर काढलेलं मूल तिसऱ्या दिवशी शाळेत आलं तरी डोकं टेकूनच बसतं. मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, केळं, दही, जे खाईल ते थोडं थोडं द्या. झिंकचा कोर्स दिला असेल तर तो 14 दिवसांचा असतो, जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी बंद करायचा नसतो. मात्र मेडिकलमधून विचारून आणलेली जुलाब थांबवायची गोळी लहान मुलांना देऊ नका, आणि मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली तर नाहीच. मुलांचे बहुतेक जुलाब व्हायरसचे असतात, तिथे तिचा काही उपयोग नसतो.

सारखं सारखं येतंय तर येतंय कुठून?

फिल्टर आहे आमच्याकडे, असं सगळेच सांगतात. पण मूल सहा तास पाणी पितं ते बाटलीतून. स्ट्रॉवाली बाटली असेल तर आज रात्री झाकणातली रबरी रिंग टूथपिकने काढून बघा. खाली काळसर चिकट थर निघाला तर समजा, बाटली रोज नुसती विसळली जातेय. ती रिंग आणि स्ट्रॉ सुटी करून साबणाने घासायची, जमत नसेल तर सरळ रुंद तोंडाची स्टीलची बाटली घ्या. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरीला विचारा, विचारायला लाजू नका. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर चांगलं खळखळून उकळूनच.

डब्यातला फोडणीचा भात हा माझा खास राग. रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहतो, सकाळी फोडणी दिली की वाफा येतात, वाटतं जंतू मेले. पण बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू जे विष तयार करतो ते परत गरम करून जात नाही. मग सातला शाळा, साडेनऊला डबा आणि बाराच्या आत उलट्या. रात्रीचा भात वापरायचाच असेल तर तो लगेच फ्रीजमध्ये गेलेला असू दे.

हाताला सॅनिटायझर लावून डबा खायची सवय कोरोनापासून लागलीये, पण पोटाच्या काही व्हायरसवर, नोरोव्हायरसवर विशेषतः, त्याचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि पाणीच. एक छोटी साबणाची वडी डबीत घालून दप्तरात द्या, शाळेत साबण असेलच याची खात्री मीही देणार नाही.

सगळं जंतांवर ढकलू नका. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत, मातीतून, न धुतलेल्या भाज्यांतून, हातांतून होतात. शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमाराला जंतनाशक गोळी देतात (अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम), त्या दिवशी गैरहजर असलेल्यांना नंतर परत देतात, ती घेतली की दर महिन्याला मनाने घरी द्यायची गरज नाही. आणि वासाची, तेलकट, पातळ शी आठवड्यांमागून आठवडे चालू, पोट फुगतंय, वजन वाढत नाही, असं असेल तर जिआर्डिया नावाचा आतड्यातला सूक्ष्म परजीवी असू शकतो. तो त्या एका गोळीने जाईलच असं नाही, शी तपासून डॉक्टर वेगळं औषध देतात.

रिपोर्टची भीती

दोन रिपोर्ट घरात गोंधळ घालतात. एक विडाल, टायफॉइडसाठी करतात ती रक्ततपासणी. दोन दिवसांच्या तापात विडाल करून "टायफॉइड निघाला" आणि दहा दिवस इंजेक्शनं. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवणं भरवशाचं नाही, रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, जास्त खात्रीचं, आणि ते अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घ्यायला हवं. दुसरं सोनोग्राफी. "पोटात गाठी आल्यात" असं सांगत आया रडत वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात. मुलांच्या आतड्याजवळच्या छोट्या लिम्फ नोड्स, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या गाठी, निरोगी मुलांमध्येही दिसतात, व्हायरल होऊन गेलं की थोड्या मोठ्या होतात. नुसत्या त्यांच्या नावावर लगेच टीबीचं औषध सुरू होत असेल तर दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि हो, कुणीतरी सांगितलं म्हणून गहू बंद करू नका. गव्हाची खरंच अ‍ॅलर्जीसारखी अडचण, म्हणजे सिलिअ‍ॅक, असेल तर तिची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच बरोबर येते. आधीच बंद केलात तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि खरं कारण तसंच राहतं.

रोज जातो तो, बद्धकोष्ठ कसं असेल?

असतं. रोज जाऊनही पोट पूर्ण साफ होत नाही, लेंड्या होतात, जोर करावा लागतो, दुखतं म्हणून मूल दाबून धरतं, मग अजून कडक होते. पुढे पुढे तर त्या कडक शीच्या बाजूने पातळ पाझरते, चड्डीला डाग पडतात, घरच्यांना वाटतं जुलाब, आणि देतात जुलाबाचं औषध. मग काय होणार!

यात शाळेचा हात आहे हे मी शिक्षिका असून सांगते. कडी नसलेलं दार, ओली फरशी, बादलीत पाणी नाही, मुलं सकाळपासून दुपारपर्यंत धरून ठेवतात, मुली तर पाणीच पीत नाहीत. त्यात सकाळची शाळा. 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, पण रिक्षा, दोन सत्रं, ट्रॅफिक यात सगळीकडे ते जमलेलं नाही, आणि साडेसहाला अर्धवट झोपेत दूध ढोसून निघालेल्या मुलाला संडासला बसायला वेळच कुठे असतो.

जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, त्यामुळे संध्याकाळी खाणं झालं की किंवा रात्री जेवल्यावर पाच-दहा मिनिटं निवांत बसवा, मोबाईल न देता. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही. डॉक्टरांनी पावडर किंवा सिरप दिलं तर ते बऱ्याचदा काही महिने चालतं. "सवय लागेल" म्हणून आठ दिवसांत बंद करणं ही यातली नेहमीची चूक, कारण ताणलेलं आतडं परत जागेवर यायला वेळ लागतो.

"नाटक करतोय"

इंग्लंडमधले डॉक्टर जॉन अ‍ॅप्ली यांनी 1958 मध्ये हजार शाळकरी मुलांचा अभ्यास मांडला होता, त्यात साधारण दहातल्या एका मुलाला असं वारंवार पोटदुखीचं दुखणं होतं आणि बहुतेकांमध्ये शरीरात काही बिघाड सापडला नाही. दुखणं मात्र खरं असतं, आतडं आणि मेंदू एकमेकांशी जोडलेले आहेत. त्यामुळे "नाटकं बंद कर" म्हणणं चूक, आणि दर तासाला "दुखतंय का रे अजून?" विचारणंही तेवढंच चूक, लक्ष सारखं तिथेच जातं. त्यापेक्षा बाकावर कोण बसतं, पाढे उभं राहून म्हणायला लावतात का, कोण चिडवतं, हे विचारा, तेही पोट दुखत नसताना.

शाळेत येऊन बाईंशी बोला. आम्ही बहुतेक जणी ऐकतो हो. न विचारता संडासला जाऊ द्यायचं, दुखलं तर दहा-पंधरा मिनिटं ऑफिसजवळ बसायचं आणि परत वर्गात, घरी फोन लगेच नाही, एवढं ठरलं तरी पुष्कळ. फार दिवस बुडाले असतील तर सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंत पाठवा. आणि घरी राहिलाच तर घर म्हणजे सुट्टी नाही, मोबाईल बंद, अंथरूण आणि पुस्तक.

इथे मात्र थांबायचं नाही

दुखण्याने झोपेतून जाग येते, उजवीकडे खाली दुखतं आणि चालताना वाकतो, हिरवी उलटी, शीतून रक्त, वजन उतरतंय, उंची थांबलीये, ताप सारखा येतोय, तोंडात फोड आणि सांधे दुखतात, यातलं काही असेल तर बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेत बसू नका, डॉक्टर गाठा. जुलाबात सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, रडताना पाणी नाही, मूल मलूल पडलंय, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

राहिलं अभ्यासाचं. पंधरा दिवसांचा सगळा अभ्यास मैत्रिणीच्या वहीतून रात्री अकरापर्यंत उतरवून घेणाऱ्या आया असतात, आणि सोमवारी त्या मुलीचं पोट परत दुखतं. सगळं उतरवायची गरज नसते. बाईंना विचारा की यातलं पुढे अडेल असं काय आहे. गणितातला एखादा प्रकार आणि भाषेचे एक-दोन धडे, बहुतेक वेळा एवढंच निघतं, बाकीची पानं कोरी राहिली तरी आम्ही सही करतो.