कापडी हूडच्या थारमध्ये सबवूफर कसा बसवावा

बंद गाडीत सबवूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) बसवण्याचे सल्ले देणारे पुष्कळ भेटतात, आणि तेच सल्ले ते हूडच्या गाडीलाही लावतात. बिघडते ते तिथेच. बंद गाडीत खालच्या सुरांची तरंगलांबी गाडीपेक्षा मोठी असते, ५० हर्ट्झला ती सुमारे ७ मीटर भरते. त्यामुळे वूफर आतल्या साऱ्या हवेचा दाब एकदम कमीजास्त करतो आणि बास, म्हणजे खालच्या सुरांचा आवाज, आपोआप वाढतो. हूड उघडले की ही फुकटची वाढ संपते. हूड बंद केल्यावरही ती पुरती परत येत नाही, कारण कापड हलके असते आणि खालचे सूर त्याला फारसे जुमानत नाहीत. मी येथे २०२० साली आलेल्या, नाशिकला तयार होणाऱ्या थारच्या कापडी हूडच्या प्रकाराबद्दल लिहितो आहे, पण हा विचार कोणत्याही उघड्या गाडीला लागू पडतो. हूड उघडे असताना कसे वाजेल हे धरूनच सारी निवड करावी आणि हूड बंद असताना बास कमी करण्याची सोय हाताशी ठेवावी.

निवड

दहा इंची सबवूफर, ३०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा) ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, आणि सीलबंद बॉक्स एवढे पुरेसे आहे. खोक्यावर ठळक छापलेले कमाल वॅटचे आकडे पाहूच नयेत. सीटखाली सरकवायचा आठ इंची सपाट वूफर हूड बंद असताना बरा वाजतो, उघड्यावर तो घेऊन पैसे वाया घालवू नयेत. पोर्टचा, म्हणजे हवा जाण्यायेण्याचे भोक ठेवलेला, बॉक्स तेवढ्याच वॅटमध्ये अधिक आवाज देतो हे खरे आहे. पण ज्या सुराला तो जुळवलेला असतो त्याच्या खाली कोनला (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही, आणि उघड्या गाडीत वाऱ्याच्या वर ऐकू यावे म्हणून माणूस बास वाढवत जातो तेव्हा नेमका तोच कोन मर्यादेबाहेर हलतो. शिवाय पोर्टच्या बॉक्सला जागा जास्त लागते आणि थारमध्ये ती नाही.

बॉक्स एमडीएफचा (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डाचा) करून घेऊ नये. पावसाचे पाणी एकदा मुरले की तो फुगतो आणि सांधे सुटतात. आयएस ७१० चा मरीन प्लाय, १८ मिमी जाडीचा, हाच घ्यावा. वूफरचा कोन पॉलिप्रॉपिलिनचा आणि त्याची कड रबराची असावी, कारण फोमची कड उन्हाने ठिसूळ होऊन झडते.

जागा

मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो, आणि ते ६ डेसिबल परत मिळवायला चौपट वॅट लागतात. म्हणून बॉक्स शक्य तितका पुढच्या सीटच्या जवळ आणावा. मागची सीट अर्धी-अर्धी दुमडत असेल तर तिचा एक भाग दुमडून तिथेच तो ठेवावा, मागच्या दाराजवळ नव्हे. प्लाय कापण्यापूर्वी त्याच बाहेरच्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके गाडीत ठेवून हूड पूर्ण दुमडून पाहावे, पुढची सीट मागे रेलून पाहावी आणि मागचे दार उघडून पाहावे. जमिनीतल्या पाणी सोडण्याच्या बुचांवर बॉक्स येता कामा नये. खाली रबरी पाय लावून तो बोटभर उचलावा. बॉक्स बोल्टने किंवा पट्ट्यांनी घट्ट बांधावा. पंधरा किलोचा मोकळा बॉक्स जोराच्या ब्रेकला थेट पुढच्या माणसाच्या पाठीवर येतो. जमिनीला भोक पाडायचेच असेल तर आधी गाडीखाली झोपून टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठे आहेत ते पाहावे.

वायरिंग

बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज, शुद्ध तांब्याची ८ गेजची वायर, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळलेले अर्थिंग आणि त्यावर गंज धरू नये म्हणून ग्रीस, सिग्नलची वायर पॉवरच्या वायरपासून दूर दुसऱ्या बाजूने. एवढे केले की हे काम झाले. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर मात्र दुकानदाराने कितीही गळ घातली तरी घेऊ नये. ॲम्प सीटखाली पट्टीवर उचलून बसवावा. बॉक्सच्या पाठीवर बसवला तर थरथरीने त्याचे स्क्रू ढिले होतात.

जुळवणी

या टप्प्याने मला पुष्कळ काळ दाद दिली नाही, आणि बहुतेकांचे सबवूफर जळतात तेही इथेच. सारा घोटाळा एका गैरसमजातून होतो. ॲम्पवरचा गेन म्हणजे आवाज वाढवण्याचे बटण नव्हे. हेडयुनिटकडून (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमकडून) येणाऱ्या सिग्नलला ॲम्पची पूर्ण ताकद कुठे लागावी एवढेच तो ठरवतो. तो त्यापलीकडे नेला की तरंगांची टोके कापली जातात, वूफरमधली कॉइल तापत जाते आणि शेवटी जळते. कानाने गेन लावू नये, दुकानातल्या पोरालाही लावू देऊ नये. मल्टिमीटर वापरावा.

इंजिन चालू ठेवून सबवूफरच्या वायरी ॲम्पवरून काढाव्यात. बास बूस्ट शून्यावर, इक्वलायझर सपाट, हेडयुनिटचा आवाज तीन-चतुर्थांश, आणि ॲम्पसोबत येणारे बासचे वेगळे बटण पूर्ण उघडलेले असावे. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण मग ते बटण पुढे फक्त कमी करू शकते, मर्यादेपलीकडे नेऊ शकत नाही. आता ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा (म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीचा) चाचणी-सूर लावून ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजावेत. ॲम्पचे वॅट आणि सबवूफरचे ओहम (विजेला होणारा त्याचा अडथळा) यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे हवे असलेले व्होल्ट: ३०० वॅट आणि ४ ओहमला ३४.६, तर २ ओहमला २४.५. गेन हळूहळू फिरवत त्या आकड्यावर थांबावे, नेलपॉलिशचा ठिपका देऊन खूण करावी आणि पुन्हा त्याला हात लावू नये.

लो-पास, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या वरचे सूर सबवूफरकडे जाऊ न देणारा फिल्टर, ८० हर्ट्झवर ठेवावा. त्याहून वर नेला की आवाज मागून येतो आहे हे कानाला कळू लागते. थारमध्ये स्पीकर छताजवळ असल्याने वरचा आवाज आणि खालचा आवाज अगदी वेगळे पडतात. हेडयुनिटमध्ये सोय असेल तर त्या लहान स्पीकरना १०० हर्ट्झच्या खालचे सूर पाठवूच नयेत. त्यानंतर हूड उघडून चालकाच्या जागी बसावे, ८० हर्ट्झचा सूर मंद आवाजात लावावा आणि सबवूफरच्या दोन वायरी उलटसुलट करून ऐकावे. ज्या जोडणीत सूर मोठा वाटतो ती कायम करावी. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, पण ती न केल्यामुळे सबवूफर आणि स्पीकर एकमेकांचा आवाज खातात आणि लोक विनाकारण मोठा ॲम्प घ्यायला धावतात.

यापुढची जुळवणी उभ्या गाडीत होत नाही. वाऱ्याचा आणि टायरचा आवाज मुख्यतः खालच्या सुरांतच असतो, त्यामुळे दुकानाच्या दारात भारदस्त वाटणारा बास ताशी ६० किलोमीटरला नाहीसा होतो. दुसऱ्या कोणाला तरी चालवायला बसवून हूड उघडे ठेवून रस्त्यावर जावे आणि बासच्या बटणावर पसंत पडलेल्या जागी खूण करावी. हूड लावून पुन्हा तोच रस्ता धरावा आणि दुसरी खूण करावी. दुसरी खूण बरीच खाली येते, तशी ती यायलाच हवी. हूड उघडे असताना बटण पूर्ण उघडूनही बास कमी पडत असेल तर गेनकडे वळू नये. बॉक्स आणखी जवळ आणावा, नाहीतर तसाच दुसरा सबवूफर तेवढ्याच वॅटसह शेजारी जोडावा. त्याने ६ डेसिबल वाढतात.

उघड्या गाडीचा आवाज आजूबाजूच्या घरांत सरळ जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. वस्तीत शिरताना बटण बंद करावे.

महिनाभराने अर्थिंगचा बोल्ट, फ्यूजचा धारक आणि बॉक्सचे पट्टे पुन्हा आवळावेत, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अर्थिंग उघडून गंज धरला असल्यास तो घासून पुन्हा ग्रीस लावावे.