छर्रे तोलायचे तर आधी पंखा बंद करा

इंदूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझी 31 वर्षं गेली. काचेच्या पेटीतला दोन पारड्यांचा काटा, वजनं चिमट्यानेच उचलायची, चुकून बोट लागलं तर सरांची बोलणी. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटलो बाई या तोलण्यातून. मग नातीने 10 मीटर एअर रायफल सुरू केली. आमच्या बाजूच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ऑलिंपिकला गेला तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच. एक दिवस रायफलीच्या शिशाच्या छर्र्यांची डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आजी, हे सगळे एकसारखे आहेत का बघ ना."

डबीवर 0.53 ग्रॅम लिहिलेलं असतं, बाजूला 8.2 ग्रेन. ग्रेन म्हणजे मुळात जवाचा दाणा, साधारण 65 मिलिग्रॅम. परदेशात घरी काडतुसं भरणारे लोक दारू याच मापाने तोलतात. आपल्याकडे ते परवान्याचं काम, घरात करायचं नाही. आपल्या सोनारी हिशोबात एक छर्रा साडेचार गुंजांना जरा कमी भरतो.

आधी काटा. स्वयंपाकघरातला चालत नाही. दोन दशांशांचा, म्हणजे 10 मिलिग्रॅमचाही नाही, कारण डबीतल्या बहुतेक छर्र्यांमधला फरकच तेवढ्याच्या आत असतो. तीन दशांशांचा हवा. सराफ्यात रात्री आपण भुट्ट्याचा कीस खायला जातो, तिथेच दिवसा काटे मिळतात. दुकानदाराने विचारलं, "माताजी, हिरे हैं क्या?" छर्रे म्हटल्यावर तो माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागला. 20 ग्रॅमचं कॅलिब्रेशनचं, म्हणजे काट्याला बरोबर आकडा शिकवायचं, वजन सोबत आहे ना, ते बघून घ्या. ते बोटाने उचलायचं नाही. हाताचं तेल वजनाला चिकटतं आणि मग काटा त्या तेलासकट शिकतो.

आता माझी फजिती. मे महिना, समोरची खोली, डोक्यावर पंखा. दोन दुपारी बसून मी 400 छर्रे वेगळे केले आणि स्वतःवर खूश झाले. तिसऱ्या दिवशी सहज एकच छर्रा पाच वेळा ठेवून पाहिला: 0.529, 0.534, 0.531, 0.537, 0.530. म्हणजे छर्र्याछर्र्यांत जेवढा फरक मी शोधत होते, तेवढा पंख्याचा वारा एकट्याने दाखवत होता. लॅबमध्ये पेटीचं दार उघडं ठेवून तोलणाऱ्या पोरांना मी ओरडायचे, आणि घरी स्वतः पंख्याखाली बसले. चारशेच्या चारशे परत एकत्र ओतले.

आता मी देवघरात तोलते. खोली लहान आणि पंखा नाही. जमिनीवर आमच्या सासूबाईंचा पाटा ठेवला आहे, मिक्सर आल्यापासून नुसताच पडला होता. त्याच्यावर काटा. एवढा जड दगड हलत नाही. जुन्या फोटोफ्रेमच्या चार काचा चिकटपट्टीने उभ्या जोडून भोवती आडोसा केला. प्लास्टिकचा डबा उपडा घालू नका. कोरड्या हवेत प्लास्टिकवर वीज साठते आणि आकडा आपोआप सरकतो. वेळही बघून घ्या. आमच्याकडे नर्मदेचं पाणी आलं की साऱ्या गल्लीच्या मोटारी सुरू होतात आणि पाट्यावरसुद्धा शेवटचा आकडा नाचतो. नळ जाईपर्यंत मी छर्रे निवडते.

निवडणं तोलण्याच्या आधी. शिसं मऊ, डबी हातातून पडली की मागचा घेर, ज्याला पोरं स्कर्ट म्हणतात, तो चेपतो. काचेवर छर्रा हलकेच ढकला. चांगला छर्रा कंपासने काढल्यासारखा एका बाजूला वळत जातो, कारण डोकं आणि स्कर्ट एका मापाचे नसतात. चेपलेला अडखळतो. तो बाजूला काढा, त्याचं वजन बघायचीही गरज नाही.

काटा चालू करून अर्धा तास तसाच राहू द्या. मग कॅलिब्रेशन. मग एक छर्रा निवडा आणि त्याला साक्षीदार करा. माझ्या साक्षीदाराचं वजन 0.531. दर 25 छर्र्यांनी तो परत ठेवायचा. 0.530 ते 0.532 आलं तर पुढे चला. त्याबाहेर गेलं तर मागचे 25 पुन्हा तोला, कंटाळा आला तरी. काटा रिकामा असताना 0.000 दाखवतो म्हणून खूश होऊ नका. या काट्यांना थोडं थोडं सरकलेलं स्वतःच पुसून शून्य दाखवायची सवय असते. म्हणून साक्षीदार. छर्रा चिमट्याने पारड्याच्या मधोमध ठेवायचा, हात बाहेर, तीन मोजायचे, मग वाचायचं. कडेला ठेवला तर आकडा बदलू शकतो. श्वासाचीही झुळूक लागते, म्हणून मी तोंड फिरवून बसते. नातीला हसू येतं.

पहिले 50 नुसते वहीत लिहा. ढीग कुठे आहे ते कळतं. आमच्या या डबीत 0.528 ते 0.535 मध्ये बहुतेक सगळे बसले. मग दोन-दोन मिलिग्रॅमचे गट करा. एकेक मिलिग्रॅमचे गट करायचा मोह होतो, पण काटाच एकाने इकडेतिकडे होतो, तर तो गट छर्र्यांचा नाही, काट्याचा झाला. गटांसाठी माझ्याकडे जुनं सात खळग्यांचं अप्पेपात्र आहे, खळग्यांशेजारी मार्करने आकडे लिहिलेले. ते आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही. शिसं लागलेलं भांडं अन्नाला चालत नाही. मुलगा म्हणाला, घासून घेऊ. नाही म्हणजे नाही. तोलताना चहा नाही, लहान मूल जवळ नाही, शेवटी साबणाने हात, आणि जमीन ओल्या फडक्याने पुसायची. झाडू मारला की धूळ उडते.

या सगळ्याने गुण किती वाढतात, ते मी मांडून पाहिलं. रायफलीचा वेग सेकंदाला 170 मीटर धरला तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो. वजनात 5 मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्का फरक पडला, तर वेग अर्धा टक्का बदलतो आणि छर्रा जेमतेम पाव मिलिमीटरच्या आत वरखाली होतो. टार्गेटवर 0.1 गुण म्हणजेच पाव मिलिमीटर. नात म्हणाली, "मग आजी, एवढं कशाला?" कारण डबीत एखादा 0.519 चा निघतो. बनवतानाच काहीतरी कमी राहिलं असावं. तो नेमका सामन्यातल्या 60 शॉटमध्ये आला तर ती दिवसभर स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसेल. असे हजारात आम्हाला चार-पाच सापडले. ते काढण्यापुरतं तोलणं पुरे. नव्या डबीतल्या छर्र्यांच्या डोक्याचा आकार, 4.49 की 4.50 मिलिमीटर, हा वजनापेक्षा जास्त बोलतो, आणि तो काट्यावर कळत नाही. रेंजवर रायफल टेकवून पाच-पाच शॉट मारून छिद्रं किती जवळ पडतात ते बघावं लागतं. बॅच नंबर बदलला की पुन्हा बघायचं.

सामन्यासाठी मी एकाच गटातले 100 मोजून देते. 60 सामन्याचे, बाकीचे आधीच्या सरावाचे. ते फोमच्या खाचांच्या डबीत, डोकं खाली करून. उरलेले गट रोजच्या सरावाला. साक्षीदार मात्र कुणाला देत नाही. तो माझ्या कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात कापसात ठेवला आहे, वर चिठ्ठी: 0.531, झाडायचा नाही.