हान्स ब्योक्लर यांचे लघुचरित्र कसे लिहावे

जर्मन कामगारनेते हान्स ब्योक्लर यांच्यावर मराठीत लेख लिहायचा असेल, तर पदांची जंत्री बाजूला ठेवून अकरा खुर्च्यांपासून सुरुवात करावी. १९५१ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीत हजारांहून अधिक कामगार असलेल्या कोळसा व पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळावर साधारणतः अकरा सदस्य आले: पाच भागधारकांचे, पाच कामगारांचे आणि अकरावा दोन्ही बाजूंना मान्य असलेला. कामगाराला निर्णयात निम्मा वाटा मिळाला, हे वाचकाला आधी दिसू द्यावे.

मग मागे जावे. ब्योक्लर यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८७५ रोजी दक्षिण जर्मनीतील फ्रँकोनिया प्रदेशात ट्राउट्सकिर्शेन गावी झाला. ते सोन्याचा वर्ख कुटण्याचे काम शिकले. मिठाईवरचा वर्ख मराठी वाचकाच्या ओळखीचा असल्याने या धंद्याची फोड करावी लागत नाही; हातोड्याच्या अखंड ठोक्यांखाली तासन्‌तास राबणारा पोरगा एका वाक्यात उभा राहतो. १८९४ मध्ये ते धातुकामगार संघटनेत आणि समाजवादी लोकशाही पक्षात आले, १९२८ मध्ये राइखस्टागवर, म्हणजे तेव्हाच्या जर्मन संसदेवर, निवडून गेले. हा भाग थोडक्यात आटोपला तरी चालेल.

१९३३ मात्र घाईने ओलांडू नये. तोवर समाजवादी, ख्रिस्ती आणि उदारमतवादी संघटना वेगवेगळ्या चुली मांडून होत्या. २ मे १९३३ रोजी नाझींनी समाजवादी संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि काही आठवड्यांत बाकीच्याही संपल्या. सत्तरीतल्या ब्योक्लर यांनी १९४५ नंतर सर्वांच्या एकाच संघटनेचा आग्रह का धरला, याचे उत्तर या फुटीत आहे. युद्धानंतर जर्मनीचा हा भाग ताब्यात असलेल्या ब्रिटिशांना एवढी केंद्रित संघटना नको होती. म्हणून उद्योगवार सोळा संघटनांचा महासंघ ऑक्टोबर १९४९ मध्ये म्युनिक येथे उभा राहिला आणि ब्योक्लर त्याचे अध्यक्ष झाले. आपल्याकडे बहुतेक कामगार महासंघ कुठल्या ना कुठल्या पक्षाशी जोडलेले असल्याने, हा महासंघ कोणत्याही पक्षाची शाखा नव्हता, हे स्पष्ट लिहावे. माझ्या मते लेखातले हेच सर्वांत महत्त्वाचे वाक्य ठरेल.

त्यानंतर १९५०-५१ च्या हिवाळ्याला भरपूर जागा द्यावी. पोलाद कामगारांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जणांनी या निम्म्या वाट्यासाठी संपाच्या बाजूने कौल दिला होता. समोर पश्चिम जर्मनीचे चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, आडेनाउअर होते, आणि १९२० च्या दशकात कोलोन शहराचे ते महापौर असताना ब्योक्लर तिथेच नगरसेवक होते. विरोधी विचारांच्या या दोन वृद्धांची जुनी ओळख सांगितल्याशिवाय जानेवारीतल्या वाटाघाटी नीट उमगत नाहीत. संप न होता तडजोड झाली.

ब्योक्लर १६ फेब्रुवारी १९५१ रोजी वारले आणि बुंडेस्टागने, म्हणजे पश्चिम जर्मन संसदेने, अकरा खुर्च्यांचा कायदा १० एप्रिलला संमत केला. या तारखांचा क्रम चुकवू नये. १९५२ च्या कायद्याने इतर उद्योगांतील कामगारांना एक तृतीयांश जागांवरच थांबवले, हेही न वगळता नोंदवावे.