वळवाच्या वादळात : आधी पूर्वेकडे पाहावे

ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांना पाऊस समुद्राकडून येण्याची सवय असते. परंतु एप्रिल-मे महिन्यांतील वळीव बहुधा उलट दिशेने येतो. दुपारी खारा वारा दमट हवा घेऊन शहापूर, मुरबाड, कर्जतकडे आत शिरतो, सह्याद्रीच्या तापलेल्या उतारांवर ही हवा वर उचलली जाते आणि काही तासांतच उंच गर्जणारे ढग तयार होतात. वरच्या थरातील वारे पूर्वेकडून वाहत असतील, तर हेच ढग सायंकाळी कल्याण, ठाणे, बेलापूरकडे सरकतात. म्हणून उकाड्याच्या दिवशी दुपारनंतर पूर्वेचे आकाश पाहावे. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगणारे ढग उंच चढून त्यांचा माथा पसरट होऊ लागला, की वादळ पक्व होत आहे असे समजावे.

माहुली, गोरखगड किंवा खारघरच्या टेकड्यांवर जायचे असेल, तर पहाटे निघून दुपारी बारापर्यंत माथा सोडलेला असावा. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा पाहावा आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवावे. मात्र गडावर रेंज नसते, हे गृहीत धरूनच बेत आखावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागल्यास अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे गणित वादळ जवळ येते आहे की दूर जाते आहे, एवढे कळण्यापुरतेच वापरावे. ढगापासून दहा-पंधरा किलोमीटरवर, निरभ्र आकाशाखालीही वीज कोसळू शकते. तेव्हा पहिला गडगडाट ऐकताच उतरायला लागावे.

विजेच्या अपघातांत थेट अंगावर वीज पडण्याचे प्रमाण कमी असते. झाडावर किंवा खडकावर पडलेली वीज जमिनीतून पसरते, अथवा बुंध्यावरून शेजारच्या माणसाकडे झेपावते, आणि त्यानेच अधिक माणसे दगावतात. त्यामुळे एकट्या झाडाखाली, उथळ कपारीत किंवा गुहेच्या तोंडाशी थांबू नये. माहुलीवर आहे तशा लोखंडी शिडीला, रेलिंगला किंवा ओल्या दोराला हात लावू नये. गटातील सर्वांनी एकमेकांपासून दूर राहून उतरावे. केस उभे राहू लागले आणि पळायला जागाच नसेल, तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. अर्थात हा अगदी शेवटचा उपाय आहे, संरक्षण नव्हे. कोरडा ओढाही वर पाऊस पडल्यास अचानक भरून येतो, म्हणून त्याच्या पात्रात थांबू नये.

सखल भागात विजेइतकाच वाऱ्याचाही धोका असतो. ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि पावसाच्या आधीच धुळीचा लोट घेऊन येते. 13 मे 2024 रोजी घाटकोपर येथे अशाच वाऱ्यात पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला. धूळ दिसताच दुचाकी होर्डिंग, झाड, बांधकामाची परांची किंवा पत्र्याची शेड यांपासून दूर थांबवून पक्क्या इमारतीत शिरावे. काचा बंद केलेली मोटार विजेपासून सुरक्षित असते, रिक्षा नसते. घरी गॅलरीच्या कठड्यावरील कुंड्या आधीच खाली उतरवाव्यात आणि टीव्ही, राउटर यांचे प्लग कडकडाट सुरू होण्यापूर्वी काढावेत. नंतर त्यांना हात लावू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

वीज पडलेल्या माणसाच्या शरीरात वीज उरत नाही, त्याला निर्धास्तपणे स्पर्श करता येतो. 108 वर फोन करून श्वास पाहावा आणि तो थांबला असल्यास छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे. अनेक जण जखमी असतील, तर ओरडणाऱ्यांआधी निपचित पडलेल्याकडे जावे, कारण विजेमुळे थांबलेले हृदय तत्काळ मदत मिळाल्यास पुन्हा सुरू होऊ शकते.