खालची दाढ काढताना भूल का चढत नाही? या चुका टाळा

ओठ बधिर आहे, जीभ जड झाली आहे, पेशंट बोबडं बोलतोय. तरीही दाढेला एलेव्हेटर (दात सैल करायचं हत्यार) लावला की तो खुर्चीतून उठतो. अशा वेळी बहुतेक नवशिके डॉक्टर औषधाचं नवं कार्ट्रिज भरतात आणि त्याच जागी, त्याच कोनातून, तोच ब्लॉक (मुख्य नर्व्हपाशी द्यायचं भुलीचं इंजेक्शन) पुन्हा देतात. कधीकधी जमूनही जातं, म्हणून ही सवय सुटत नाही. पण ओठ पूर्ण बधिर असेल तर औषध मुख्य नर्व्हपाशी पोचलेलं आहे. मग दुखतंय कुठून, हे शोधल्याशिवाय सुई पुन्हा उचलू नये.

खालच्या दाढेशी तीन नर्व्हचा संबंध येतो. इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह पल्प (दाताच्या आतला मऊ, जिवंत भाग), हाड आणि खालचा ओठ सांभाळते. लिंग्वल नर्व्ह जिभेकडची हिरडी आणि जिभेचा पुढचा भाग बघते. दाढांच्या गालाकडच्या हिरडीला लाँग बक्कल नर्व्ह येते. नेहमीचा ब्लॉक पहिल्या दोघींना गाठतो, तिसरी बाहेरच राहते. म्हणून ब्लॉक चढल्यावर प्रोब घेऊन आधी जिभेकडची आणि मग गालाकडची हिरडी दाताच्या कडेने टोचून बघा. गालाकडे दुखलं तर शेवटच्या दाढेच्या मागे, गालाच्या बाजूला ०.३ मिली औषध पुरतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि तेच सर्वांत जास्त वेळा विसरलं जातं.

प्रश्न कसा विचारता यावरही बरंच अवलंबून असतं. नुसतं 'दुखतंय का?' विचारलं की घाबरलेला पेशंट 'हो'च म्हणतो. दाबल्यासारखं वाटतंय की टोचल्यासारखं, असं विचारा. भूल वेदना थांबवते, दाबाची जाणीव बऱ्याचदा राहते. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलं तर एलेव्हेटर लावताना अर्धा गोंधळ टळतो. टोचल्यासारखं किंवा कळ आल्यासारखं वाटतंय म्हणाला तर मात्र त्याच्यावर विश्वास ठेवा आणि हात थांबवा.

घाई

नेहमीच्या ब्लॉकला ओठ बधिर व्हायला साधारण ३ ते ५ मिनिटं लागतात. पल्प त्याच्याही मागे राहू शकतो. ओठाची बधिरता हा औषध योग्य जागेच्या जवळ पडल्याचा पुरावा आहे, पल्प शांत झाल्याचा नाही. ओठाला मुंग्या आल्या की लगेच फोर्सेप्स उचलणारे स्वतःच अपयश ओढवून घेतात. दहा मिनिटं झाली तरी ओठ तसाच असेल, तर ब्लॉक हुकला असं समजून पुन्हा द्यायला हरकत नाही. वर म्हटलेला नियम ओठ बधिर असलेल्या पेशंटसाठी आहे.

जागा हुकणं

या ब्लॉकचा इतिहास १८८४-८५ पर्यंत मागे जातो. विल्यम हॉलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेन वापरून ही नर्व्ह बधिर केली होती. औषध बदललं, तंत्र पुष्कळसं तेच राहिलं आणि त्याची कमजोरीही तीच राहिली. पाठ्यपुस्तकं अपयशाचं प्रमाण १५ ते २० टक्के सांगतात. सराईत हातालाही हा ब्लॉक अधूनमधून चकवतो.

अंगठा दाढांच्या मागे, रॅमसच्या (खालच्या जबड्याच्या मागच्या उभ्या हाडाच्या) पुढच्या कडेवर ठेवा आणि वर-खाली सरकवा. एका जागी तो खळग्यात बसतो, तो कोरोनॉइड नॉच. त्या खळग्याच्या सर्वांत खोल भागाची उंची म्हणजे सुईची उंची, खालच्या दाढांच्या चावण्याच्या पातळीपासून साधारण ६ ते १० मिमी वर. आतल्या बाजूला तोंड मोठं उघडल्यावर ताणलेली टेरिगोमँडिब्युलर रॅफेची घडी दिसते. सुई या दोहोंच्या मध्ये, घडीच्या बाहेरच्या अंगाला जाते आणि सिरिंज विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवर टेकलेली असते. सर्वांत सामान्य चूक म्हणजे सुई फार खाली जाणं. तोंड अर्धवट उघडं असलं की हे हमखास होतं. औषध मँडिब्युलर फोरामेनच्या (नर्व्ह जिथून हाडात शिरते त्या भोकाच्या) खाली पडलं, तर नर्व्ह तोवर हाडात शिरलेली असते. जीभ छान बधिर होते आणि ओठ जागा राहतो. हे चित्र दिसलं की पुढचं इंजेक्शन आधीपेक्षा वर द्यायचं.

सुई किती खोल गेल्यावर हाड लागतं, हे हाताला कळलं पाहिजे. २० ते २५ मिमीवर, म्हणजे लांब सुईच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश लांबीवर हाड लागायला हवं. निम्मी सुईही आत गेली नाही आणि हाड लागलं, तर टोक फार पुढे आहे. थोडी मागे घ्या, सिरिंज पुढच्या दातांकडे, सुळ्याच्या आसपास सरकवा आणि सुई पुन्हा आत न्या. हाड लागतच नसेल तर टोक फार मागे गेलंय. सुई थोडी बाहेर काढा, सिरिंज दाढांकडे सरकवा, मग पुन्हा प्रयत्न करा. या ब्लॉकमध्ये हाड लागल्याशिवाय औषध सोडू नये. मागे पॅरोटिड ग्रंथी आहे आणि तिच्यातून चेहरा हलवणारी फेशियल नर्व्ह जाते.

सुई आणि हाताचा वेग

आखूड, बारीक सुई पेशंटला कमी दुखवेल या समजुतीने अनेकजण ब्लॉकसाठी ३० गेजची आखूड सुई घेतात. ती ऊतींमध्ये जास्त वळते आणि हाडापर्यंत पोचवायला थेट हबपर्यंत (सुई सिरिंजला जोडते तिथपर्यंत) आत न्यावी लागते. सुई तुटते ती बहुधा हबपाशीच. तिथे तुटली आणि काहीच बाहेर उरलं नसेल तर ती पकडणार कशाने? २५ किंवा २७ गेजची लांब सुई घ्या, वाकवू नका, आणि थोडी तरी बाहेर दिसत राहू द्या.

या ब्लॉकमध्ये ॲस्पिरेशनला (औषध सोडण्याआधी दट्ट्या मागे ओढून बघताना) रक्त दिसण्याचं प्रमाण १० ते १५ टक्के आहे, तोंडातल्या इंजेक्शनांमध्ये बरंच वरचं. एकदा ॲस्पिरेट करा, सुईचं तोंड थोडं फिरवून पुन्हा करा. सुई जाताना पेशंटला जिभेत किंवा ओठात विजेचा झटका बसल्यासारखं वाटलं, तर तिथे औषध सोडू नका. सुई किंचित मागे घ्या, मग सोडा. १.५ मिली औषधाला निदान एक मिनिट द्या. दहा सेकंदांत ओतलं तर पेशंटला जास्त दुखतं, आणि सुई चुकून रक्तवाहिनीत असेल तर धोकाही मोठा.

तंत्र न बदलण्याचा हट्ट

नेहमीचा ब्लॉक वारंवार हुकणारा पेशंट भेटला तर गो-गेट्स तंत्राकडे वळा. ऑस्ट्रेलियातले जॉर्ज गो-गेट्स यांनी १९७३ मध्ये ते मांडलं. औषध फोरामेनपाशी न टाकता वर, काँडाइलच्या (जबड्याच्या सांध्यातल्या गोल टोकाच्या) मानेवर टाकलं जातं. तिथे नर्व्ह अजून फारशी फुटलेली नसते, म्हणून एकाच इंजेक्शनमध्ये इन्फिरिअर अल्व्हिओलर, लिंग्वल, मायलोहायॉइड आणि बहुतेक वेळा लाँग बक्कलही बधिर होते. रक्त येण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास. पण पेशंटने तोंड पूर्ण उघडं ठेवलं पाहिजे, कारण काँडाइल पुढे सरकल्याशिवाय लक्ष्य गाठता येत नाही. औषध दिल्यावरही एक-दोन मिनिटं तोंड उघडंच राहू द्या. इथली नर्व्ह जाड आणि औषधापासून थोडी दूर, त्यामुळे भूल चढायला पाचहून जास्त मिनिटं लागू शकतात. गो-गेट्स फसलं असं सांगणाऱ्यांपैकी कित्येकांनी पाचव्या मिनिटाला फोर्सेप्स लावलेला असतो. हाडाचा नियम इथेही तोच: काँडाइलला सुई टेकली नाही तर औषध सोडायचं नाही.

तोंडच उघडत नसेल तर ही दोन्ही तंत्रं कामाची नाहीत. अक्कलदाढेच्या संसर्गात हे नेहमी दिसतं. तिथे वझिरानी-अकिनोसी. वझिरानींनी ते १९६० मध्ये आणि अकिनोसींनी १९७७ मध्ये मांडलं. दात मिटलेले, सुई वरच्या दाढांच्या हिरडीच्या कडेला, म्युकोजिंजायव्हल रेषेच्या (घट्ट हिरडी संपून मऊ त्वचा सुरू होते त्या रेषेच्या) उंचीवर समांतर, साधारण २५ मिमी आत. चावण्याच्या स्नायूंची मोटर नर्व्हही बधिर होत असल्याने थोड्या वेळाने तोंड उघडायलाही मदत होते. यात हाड लागत नाही, त्यामुळे खोलीचा अंदाज सर्वस्वी तुमच्यावर. सुईचं तिरकं तोंड रॅमसपासून दूर, मध्यरेषेकडे ठेवा, म्हणजे सुई वळताना हाडाच्या जवळ राहील. रॅमस बाहेरच्या बाजूला पसरट असेल तर हे तंत्र फसण्याची शक्यता वाढते.

माझं मत विचाराल तर नेहमीचा ब्लॉक आधी नीट घोटून घ्यावा. तोंड न उघडणाऱ्या पेशंटसमोर अकिनोसी पहिल्यांदाच करून बघण्यात शहाणपण नाही. सोप्या केसमध्ये एखाद-दुसऱ्या वेळी देऊन हात बसवलेला बरा.

पल्प जागा राहिला तर

गालाकडची आणि जिभेकडची हिरडी दोन्ही बधिर, ओठ बधिर, तरी पहिल्या मोलरमध्ये कळ. संशयित क्रमांक एक मायलोहायॉइड नर्व्ह. ती कधीकधी पहिल्या मोलरच्या पुढच्या मुळाला शाखा देते आणि नेहमीच्या ब्लॉकच्या वरच फुटून निघालेली असते. ज्या दाताचा त्रास आहे त्याच्या मागच्या दाताच्या मुळाच्या टोकाजवळ, जिभेच्या बाजूला ०.६ मिली औषध दिलं की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. काही पेशंटमध्ये नर्व्हचा कालवाच दुभागलेला असतो. चित्र तसंच दिसतं, आणि तिथे गो-गेट्स उपयोगी पडतं.

दुसरा मार्ग गालाकडून आर्टिकेन या भुलीच्या औषधाचं इन्फिल्ट्रेशन, म्हणजे दाताशेजारीच दिलेलं इंजेक्शन. खालच्या दाढांबाहेरचं हाड जाड असल्याने नुसतं लिग्नोकेन या नेहमीच्या औषधाचं इन्फिल्ट्रेशन तिथे तोकडं पडतं. ४ टक्के आर्टिकेन पहिल्या मोलरपाशी बरंच बरं काम करतं, विशेषतः ब्लॉकला जोड म्हणून. पण ते ब्लॉकची जागा घेतं असं समजू नका, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मोलरला तेवढाच परिणाम गृहीत धरू नका. खालच्या पुढच्या दातांचं उलट आहे. तिथलं हाड पातळ, मध्यरेषेपाशी दुसऱ्या बाजूच्या नर्व्हच्या शाखाही येतात. म्हणून ब्लॉक देऊनही मधला इन्सायझर दुखला तर ओठाकडून आणि जिभेकडून इन्फिल्ट्रेशन द्यायचं.

पीडीएल इंजेक्शन म्हणजे दात आणि हाडामधल्या बंधात दिलेलं इंजेक्शन. त्याची खूण एकच: औषध जाताना बोटाला रेटा जाणवला पाहिजे. सहज गेलं तर ते तोंडात परत येतंय. प्रत्येक मुळाला ०.२ मिली, हळूहळू. पू असलेल्या किंवा हिरडीच्या संसर्गाने खिळखिळ्या झालेल्या दाताला ते देऊ नका. पल्प उघडा पडला असेल तर थेट त्यात इंजेक्शन हा शेवटचा उपाय. क्षणभर जोरात दुखतं, हे आधी सांगून मगच द्या.

सुजलेल्या, तापलेल्या दाताची गोष्ट वेगळी. संसर्ग झालेल्या ऊतींचा पीएच उतरतो आणि औषधाचा नर्व्हच्या आवरणातून आत जाऊ शकणारा अंश कमी होतो. सुजेच्या मधोमध सुई खुपसून उपयोग नाही, शिवाय संसर्ग पसरतो. लांबून, निरोगी ऊतींमधून ब्लॉक द्या. पू असेल तर तो आधी काढा, आणि सूज गळ्याकडे उतरत असेल किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास होत असेल तर खुर्चीत झगडत बसू नका, पेशंटला हॉस्पिटलला पाठवा.

हिशोब न ठेवणं

पुन्हा पुन्हा देताना किती दिलं हे विसरलं जातं. रिकामी कार्ट्रिजं ट्रेमध्ये ओळीने ठेवा, टाकू नका. १.८ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये २ टक्के लिग्नोकेन ३६ मिग्रॅ असतं. ॲड्रेनलिनसह निरोगी प्रौढाची मर्यादा ७ मिग्रॅ प्रति किलो, एकूण ५०० मिग्रॅ. मुलांसाठी ४.४ मिग्रॅ प्रति किलो धरणं सुरक्षित. म्हणजे २० किलोच्या मुलाला ८८ मिग्रॅ, अडीच कार्ट्रिजपेक्षाही थोडं कमी. हृदयविकार असलेल्या पेशंटमध्ये आधी ॲड्रेनलिनची मर्यादा आड येते: ०.०४ मिग्रॅ, म्हणजे १:१,००,००० च्या दोन कार्ट्रिजपेक्षा जरा जास्त. १:८०,००० असेल तर दोन कार्ट्रिजमध्येच ती ओलांडली जाते.

मुलांमध्ये फोरामेन खाली असतं, दुधाच्या दाढांच्या चावण्याच्या पातळीपाशी किंवा त्याच्याही खाली. मोठ्यांची उंची तिथे लावली की ब्लॉक वरून हुकतो. दात निघाल्यावर बधिर ओठ चावून मूल तो सुजवून घेतं, म्हणून आईवडिलांना नजर ठेवायला सांगा आणि ओठ-दातांमध्ये कापसाचा बोळा ठेवा.

ब्लॉकनंतर पेशंटची पापणी मिटेना आणि ओठाची कड खाली ओघळली, तर औषध पॅरोटिडमध्ये पडलं आहे. लिग्नोकेनचा हा परिणाम काही तासांत उतरतो. त्या दिवशी दात काढायचं थांबवा, आणखी इंजेक्शन देऊ नका. पेशंटला काय झालंय ते स्पष्ट सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायला लावा, डोळ्यावर पॅड लावून द्या, आणि पापणी नीट मिटेपर्यंत मधूनमधून हाताने मिटवायला सांगा.