होस्टेलला जाताना काय न्यायचं? आधी खोली विचारा, मग बॅग काढा

होस्टेलला निघायचं ठरलं की घरात एक यादी फिरायला लागते. येता-जाता प्रत्येक जण तिच्यात एकेक ओळ घालतो. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे त्या यादीचं ब्रीदवाक्य. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अशाच यादीतून तीन मोठ्या बॅगा भरल्या होत्या. खोलीत वाट्याला आलं ते एक पलंग, एक टेबल-खुर्ची आणि अर्धं कपाट. दोन बॅगा वर्षभर पलंगाखालीच राहिल्या. एवढं सामान नेऊन कपाटाला लावायला कुलूप मात्र नव्हतं.

तेव्हा ‘काय काय लागेल’ या प्रश्नापासून सुरुवातच करू नका. त्याचं उत्तर कधी संपत नाही. खोलीत जागा किती, कपडे धुणार कधी आणि घरी परत येणार कधी, ही तीन उत्तरं आधी मिळवा. यादी आपोआप आखडते.

पायरी १ : खोलीची चौकशी

होस्टेलच्या ऑफिसला विचाराच, पण तिथे राहणारा एखादा सीनियर मिळाला तर त्याच्याकडून खरी माहिती कळते. गादी-उशी मिळते का? गादी किती लांब, किती रुंद? होस्टेलचे पलंग अरुंद असतात. घरच्या डबलबेडची चादर तिथे दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळते आणि कडांना इलॅस्टिक असलेली चादर मापाची नसेल तर रोज सकाळी गोळा होऊन पायाशी सापडते. कपाटाला कुलूप आपलं लावायचं का? असेल तर कडीच्या भोकात बसेल अशा जाडीचं घ्या, तीन किल्ल्यांचं मिळालं तर उत्तम. बाथरूम सामाईक आहे का? असेल तर साबण-शाम्पू न्यायला तळाला भोकं असलेली जाळीची टोपली लागते. पिशवीत पाणी साचतं. कपडे कुठे वाळतात? मशीन आहे की हातानं धुवायचे? बादली मिळते का?

आणि बंदी कशावर आहे, हे लेखी नियमांत वाचा. किटली, इस्त्री, हीटर, मेणबत्त्या, भिंतीला खिळे यांवर बऱ्याच ठिकाणी मनाई असते. जप्त होणारी वस्तू ओझं करून न्यायची कशाला?

पायरी २ : रूममेटला एक फोन

दहा मिनिटांचं काम, पण बहुतेक जण संकोचापायी टाळतात. आमच्या खोलीत पहिल्या दिवशी दोन इस्त्र्या, दोन आरसे निघाले, आणि नेलकटर एकाकडेही नाही. इस्त्री (परवानगी असेल तर), झाडू, कचऱ्याचा डबा, आरसा, कपडे वाळवायची दोरी हे सामान खोलीचं. एकानं एक आणावं. टॉवेल, चादर, इअरफोन, बाथरूमच्या चपला मात्र ज्याच्या त्याच्या. तिथे भिडेखातर वाटणी करू नका.

पायरी ३ : कपडे धुण्याच्या वारावर मोजा

इथेच सगळ्यांची चूक होते. कपडे दिवस मोजून नाही, दोन धुण्यांमधलं अंतर मोजून न्यायचे असतात. आठवड्यातून एकदा धुणार असाल तर अंतर्वस्त्रं आणि मोजे सात अधिक तीन, म्हणजे दहा. ते तीन कशासाठी? परीक्षा, पाऊस आणि आळस. टी-शर्ट किंवा शर्ट सहा-सात. पँट तीन पुरतात, कारण पँट दोन-तीनदा वापरूनच धुतली जाते. झोपायचे कपडे दोन जोड.

जीन्सचा मोह आवरा. वाळायला ती फार वेळ घेते. वरून कोरडी लागते, पण कमरेची पट्टी आणि खिशांची शिवण दुसऱ्या दिवशीही ओलसर असते. एक पुरे. टॉवेलचंही तेच. घरचा जाडजूड, मऊ टॉवेल बंद खोलीत खुर्चीच्या पाठीवर टाकला की तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास यायला लागतो. दोन पातळ टॉवेल न्या. चादरी दोन, उशीचे अभ्रे तीन, पांघरूण एक.

समारंभाला किंवा मुलाखतीला चालेल असा एक नीटनेटका पोशाख हवाच, पण एकच. पादत्राणांचे तीन जोड : रोजचे, बाथरूमचे, खेळायचे. थंडी दोन महिन्यांवर असेल आणि मध्ये घरी चक्कर होणार असेल तर गरम कपडे त्या खेपेला आणा. फार लांब जाणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांनी जाड कोट बॅगेत न कोंबता प्रवासात अंगावर घालावा.

पायरी ४ : विजेचं सामान

सॉकेट नेहमी उशीपासून लांबच असतो. म्हणून लांब वायरचा एक्सटेन्शन बोर्ड जवळपास प्रत्येकाला लागतो, आणि तो घेताना कुणी मागचा आकडा वाचत नाही. त्यावर अँपिअर छापलेले असतात. अँपिअर गुणिले व्होल्ट म्हणजे वॉट. ६ अँपिअरचा बोर्ड २३० व्होल्टवर १,३८० वॉट झेलतो. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटच्या आसपास, फोनचा २०, टेबललॅम्प १०. हे सगळं एकदम लावलं तरी १०० च्या घरात. पण १,५०० वॉटची एकटी किटली त्या बोर्डाला भारी पडते. वायर तापते, प्लग वितळतो. किटलीला परवानगी असली तरी ती सोसेल अशा भिंतीवरच्या सॉकेटलाच लावा. आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड खुपसू नका.

परदेशी जाताय? चार्जरवर बारीक अक्षरांत ‘१००–२४० व्होल्ट’ छापलं असेल तर फक्त पिनेचा आकार बदलणारा अॅडॉप्टर पुरतो. केस वाळवायच्या ड्रायरवर बहुधा एकच व्होल्टेज असतं. तो घरीच ठेवा. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या सामानात नाही; मर्यादा साधारण १०० वॉट-तासांची. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ च्या आसपास भरते, म्हणजे चालते.

पायरी ५ : औषधं आणि कागद

नेहमीची गोळी चालू असेल तर महिनाभराचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी. बाकी थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, चिकटपट्ट्या, जंतुनाशक मलम. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं असतं, ग्लासभर पाण्यात अर्धं-अर्धं नाही. गोळ्या सुट्या करून डबीत भरू नका, पट्टीवरच नाव आणि मुदत असते.

कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि फोटोंचा एक फोल्डर, स्कॅन ईमेलवर. मूळ प्रती प्रवेशाचं काम झालं की परत घरी.

पायरी ६ : पहिल्या रात्रीची पिशवी

पहिल्या संध्याकाळी काय होतं, सांगतो. किल्ली मिळेपर्यंत अंधार पडलेला. खोलीत उघडी गादी, वर पिवळा दिवा. चादर तीनपैकी कुठल्यातरी बॅगेच्या तळाशी. ती शोधताना मी सगळ्या बॅगा उपसल्या आणि शेवटी त्या ढिगाऱ्याशेजारीच, जॅकेटची घडी उशाला घेऊन झोपलो.

म्हणून एक पाठीवरची पिशवी वेगळी भरा : चादर, अभ्रा, पांघरूण, टॉवेल, चपला, ब्रश-साबण, झोपायचे कपडे, चार्जर, एक्सटेन्शन, कुलूप, पाण्याची बाटली, टॉयलेट पेपर, गादी-टेबल पुसायला एक जुनं फडकं. इअरप्लग आणि डोळ्यांवरची पट्टीही त्यातच. रूममेट दिवा लावून जागणारा निघाला तर पहिल्याच रात्री कळेल. या पिशवीवर तीन दिवस निघाले पाहिजेत. बाकीच्या बॅगा मग सावकाश उघडा.

पायरी ७ : वजनाची परीक्षा

यादीतल्या ज्या वस्तूंपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे सजावटीचे दिवे, जादा उशा, गिटार, कपाटातले कप्पे, त्या घरात एका खोक्यात भरून ठेवा. महिन्याभरात ज्याची आठवण येईल तेवढंच मागवा. सुई-दोरा, कात्री, सेफ्टी पिना, कपड्यांचे चिमटे मात्र न विसरता टाका. मुठीत मावतात आणि ऐन रात्री हव्या असतात.

सगळं भरून झालं की बॅगा स्वतः उचलून दोन जिने चढून बघा. लिफ्ट असेलच असं नाही आणि असली तरी त्या दिवशी तिच्यापुढे रांग असते. एका खेपेत तीनदा बॅग खाली टेकवावी लागली तर ती पुन्हा उघडा. आधी पुस्तकं काढा. जड तीच असतात आणि कॉलेजच्या ग्रंथालयात त्यातली बरीचशी सापडतात.