स्पीकरखाली स्पाइक की मऊ पाय? माझा अनुभव

स्पीकरवर तबल्याचा डग्गा घुमला की खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला हादरे जायचे. टॉवर स्पीकरला सोबत आलेले टोकदार स्पाइक होते. स्पाइक कंप अडवत नाहीत, ते स्पीकरला जमिनीशी घट्ट जोडतात. जाड गालिच्यावर ते उत्तमच; पण उघड्या फरशीवर चरे पडतात आणि कंप सरळ स्लॅबमध्ये उतरतो.

मी सॉर्बोथेनचे (कंप शोषणारा, रबरासारखा पदार्थ) मऊ पाय लावले. ते घेताना वजन नक्की बघा! माझा स्पीकर २० किलोचा, म्हणजे चार पायांवर साधारण ५-५ किलो. तेवढ्या भाराने पाय थोडासाच दबायला हवा. कडक राहिला किंवा पार चेपला, तर पैसे वाया. हादरे बरेच कमी झाले, काकूंनीच सांगितलं. हवेतून जाणारा बास मात्र कुठल्याच पायाने थांबत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढले.